शिसं मोजणाऱ्या अक्का

प्रयोगशाळेच्या दाराशी आल्या की अक्का रुमालानं कपाळावरचं कुंकू पुसून टाकत. नवरा असताना रोज सकाळी कुंकू पुसणारी बाई पिंप्राळ्यात दुसरी कुणी नव्हती, त्यामुळे कॉलनीत कुजबुज चाले. अक्कांना त्याचं काही नव्हतं. "बाजारच्या कुंकवात शिसं असलं तर? माझं सौभाग्य घरी पेपर वाचत बसलंय. त्याला काही होत नाही," असं म्हणून त्या हातमोजे चढवत.

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत रक्तातलं शिसं, पारा असले विषारी धातू मोजत. नमुना आम्लात तापवून पाण्यासारखा नितळ करायचा आणि मग यंत्राला द्यायचा. धातू इतका थोडा असे की नुसती धूळ पडली तरी आकडा फुगे. म्हणून अक्का प्रत्येक नळी आम्लात भिजवून, तीन पाण्यांनी धुऊन घेत. प्रत्येक खेपेला एक कोरी नळीही लावत. तिच्यात रक्त सोडून बाकी सगळं घालायचं. तिचा आकडा जवळजवळ शून्य आला, तरच बाकीचे खरे. मी नवी लागले तेव्हा म्हणाल्या होत्या, "यंत्र खोटं बोलत नाही. आपण त्याला खोटं खाऊ घालतो."

एकदा धरणगावहून सहा वर्षांच्या मुलीचं रक्त आलं. पोट सतत दुखे, चेहरा पांढरा पडलेला. वडील जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. अक्का त्या दिवशी रजेवर होत्या. मला घाई होती. मी पाकिटातल्या नव्या नळ्या न धुता वापरल्या आणि कोरी नळी लावलीच नाही. आकडा भयंकर आला. मी तो डॉक्टरांना फोनवर कळवूनही टाकला. मुलीला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, घरात रडारड झाली.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी विचारलं, "कोरी कुठंय?" मी म्हटलं, "राहिली." त्यांनी त्याच पाकिटातली एक नळी घेऊन कोरी लावली. तिच्यातही शिसं निघालं. त्या मला रागावल्या नाहीत. डॉक्टरांना फोन करून मुलीला हलवू नका म्हणाल्या आणि मला घेऊन धरणगावच्या एसटीत बसल्या.

मुलीचे वडील ओट्यावर बसले होते. अक्का त्यांच्यासमोर खालीच बसल्या आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, चूक मनी शे. रगत आखो एकदाव लेनं पडी." पोरीला पुन्हा सुई टोचावी लागणार म्हटल्यावर आईनं तिला पोटाशी धरलं. वडील म्हणाले, "आते तरी खरं सांगा." मी मागे उभी होते. चूक माझी आहे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत.

दुसऱ्यांदा आकडा बराच खाली आला, तरी असायला हवा त्याहून जास्तच होता. मग अक्का पुन्हा गेल्या. शिसं वितळवायची भट्टी परसात चुलीशेजारीच होती. ती गावाबाहेर हलवेपर्यंत त्यांनी तीन खेपा घातल्या. वर्षभरात मुलीचा आकडा उतरला, ती शाळेत जाऊ लागली.

निवृत्तीनंतर अक्का शिंदखेड्याला राहायला गेल्या. गेल्या वर्षी त्यांचं दुखणं वाढल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज अगदी बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी धरणगावात चूक माझी होती. मी गप्प राहिले."

"मला काय ठाऊक नव्हतं?" त्या म्हणाल्या. "येताना एसटीत तू बोलशील म्हणून मी जळगावपर्यंत जागी होते."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर पंधरवड्यानं त्या गेल्या. आता नव्या मुली माझ्या हाताखाली शिकतात. एखादीचा नमुना बिघडला की मी रागवत नाही. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसते आणि ती बोलेपर्यंत थांबते.