तिसरी हाक

आमच्या घरात तीन पिढ्यांचं नाटक होतं आणि शेत दीड एकर. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे आमच्याइतकं कुणाला कळलं असेल? तरी अणदूरची जत्रा आमच्या नाटकाशिवाय पार पडत नसे. माझे वडील रेवणसिद्ध, म्हणजे आमचे आप्पा, त्यात सेनापती व्हायचे. त्यांना दादा म्हणणारे धाकटे काका गुरुलिंग राजा व्हायचे आणि उजाडता उजाडता शेवटच्या प्रवेशात मरायचे.

नाटकात मेलेल्यानं आपणहून उठायचं नाही, ही घरची रीत. पडदा पडला की रक्ताच्या माणसानं त्याला खऱ्या नावानं तीनदा हाक मारायची, त्यानं "आलो" म्हणायचं, मगच तोंडाचा रंग पुसायचा. नाहीतर सोंग अंगात राहतं म्हणत. हसायचं तर हसा, मीही हसायची. हाकेचं काम माझ्या आजीचं, आप्पा-काकांच्या अव्वाचं, गौराबाईचं.

अठ्ठेचाळीसच्या पौषात निजामाच्या अंमलदारांकडून नाटकाची इजाजत कशीबशी मिळाली. आजी तापानं फणफणली होती. हाक तू मार, असं तिनं आप्पांना बजावून सांगितलं. काका मरून पडले, पडदा पडला आणि गर्दीत कुणीतरी ओरडलं, रझाकार आले. जो तो वाट फुटेल तिकडं पळाला. आप्पाही पळाले आणि ज्वारीत दडून बसले.

आलं कुणीच नव्हतं. लांब धूळ उठली होती ती मेंढरांची. आप्पा परतले तेव्हा राजाचा मुकुट होता, काका नव्हते. पळताना वळून पाहिलेल्यांनी सांगितलं, गुरुलिंग तसाच पडून होता, डोळे मिटून. काका पुन्हा कुणालाच दिसले नाहीत.

आजीनं एकच विचारलं. "हाक मारलीस का?"

"व्हय अव्वा. तीनदा."

"मग त्यो आला का न्हाय?"

 खोटं बोलल्याचं आप्पांनी मला पुढं सांगितलं, तिला कधीच नाही.

निजामाचं राज्य गेलं. पुढच्या जत्रेत काकांचं काम आप्पांनी केलं. मी नऊ वर्षांची, आजीचा हात धरून पडद्यामागं गेले. आप्पा मरून पडले होते. आजीनं हाक मारली, "गुरुलिंगा." आप्पांच्या पापण्या हलल्या. पुन्हा तीच हाक. तिसऱ्या हाकेला त्यांच्या तोंडून आवाज आला, "आलो."

आजीनं पदरानं त्यांचा रंग पुसला. "लई उशीर केलास रं," म्हणाली.

ती सहा वर्षं जगली. रोज भाकरीला गुरुलिंगाला हाक मारायची आणि आप्पा जाऊन बसायचे. ती गेल्यावर त्यांनी नाटक सोडलं. रेवणसिद्ध म्हटलं की वळूनही बघत नसत.

त्यांच्या शेवटच्या दिवशी रक्ताची मी एकटीच उरले होते. पोरीनं बापाचं नाव घेऊ नये, पण मी कानाशी वाकून तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले.

"दादा न्हाय इथं," ते म्हणाले. "त्यो पळाला."