अंबाचा खिळा

राजगोपाल मुदलाळींच्या, म्हणजे मालकांच्या, वर्कशॉपात एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच पक्का होता: ज्याला खिळा, त्याला लेथ. भिंतीवर ओळीने सात खिळे, प्रत्येक खिळ्यावर एका टर्नरची चावी. लेथ म्हणजे लोखंड फिरवत कातायचं यंत्र; त्याच्या जबड्यात लोखंड आवळायचं ते या चावीने. दुसऱ्याच्या खिळ्यावरची चावी उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

अंबाला खिळा नव्हता.

आयटीआयच्या टर्नर वर्गात एक्केचाळीस मुलगे आणि ही एकटी. पास झाली ती तिसऱ्या नंबराने. पण पुढे वर्षभर कुठल्यातरी कारखान्यात उमेदवारी करायची आणि मालकाने कागदावर सही करायची, तेव्हा कुठे माणूस टर्नर. तंजावुरात नांजिकोट्टै रस्त्यावरच्या या वर्कशॉपाने तिला घेतलं खरं, पण आठ महिन्यांत तिच्या हाती आल्या दोनच गोष्टी. एक झाडू, लोखंडाचा कीस गोळा करायला. दुसरा मायक्रोमीटर, इतरांनी कातलेला माल मोजायला. मोजायचं आणि वहीत लिहायचं. वही कोणी उघडत नसे.

घरी तऱ्हा निराळी. राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर, आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आई राजम तिचे काळे हात बघून रोज तेच म्हणे.

"अगे, ब्यांकेची परीक्षा दे की. खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. आपल्यातल्या पोरीनं हे हात घेऊन कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं?"

"तेल आहे ते, आई. पाप नव्हे. साबणानं जातं."

"आणि लोक?"

"ते साबणानं जात नाहीत. राहू दे त्यांना."

ते साल पंच्याण्णव. दिल्लीत उदारीकरणाची दारं उघडली होती आणि वारा नांजिकोट्टैपर्यंत आला. त्रिचीकडे पंप बनवणारी एक नवी कंपनी निघाली, तिला शाफ्ट, म्हणजे पंपाचे दांडे, हवे होते. हातभर लांबीचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी एका जाडीचे. तोवर या वर्कशॉपातलं सगळ्यात मोठं माप होतं 'चालेल'. तांदळाच्या गिरणीचा दांडा? चालेल. उसाच्या चरकाचा? चालेल. कंपनीच्या तपासनिसाला मात्र हा शब्दच कळत नसे.

काम आलं, पहिले बारा शाफ्ट निघाले आणि पाठोपाठ आयुधपूजा आली, दसऱ्याआधीची हत्यारांची पूजा. त्या दिवशी तंजावुरात सुईसुद्धा काम करत नाही. लेथ धुऊनपुसून केळीच्या खुंटांनी सजवले. सुटे भाग काढून केळीच्या पानावर देवीपुढे मांडले आणि फोरमन सूर्यनारायणने एकेका भागाला चंदन-कुंकू लावलं. बावीस वर्षं हे त्याचंच काम. दोन नंबरचा लेथही त्याचाच, शाफ्ट त्यावरच निघत. अंबाला तो पाप्पा, म्हणजे पोरी, म्हणे. तिला निरोप होता, "पाप्पा, सकाळी येऊन दारात कोलम काढ. बायकांचा हात बरा असतो." कोलम काढायला बाईचा हात बरा, लेथला तोच हात वाईट! अंबा आली. रांगोळीचा डबा घेतला आणि दारात भलामोठा गिअर काढला. दात बत्तीस, बरोबर बत्तीस. टर्नर मणीने मोजून पाहिले आणि हसू दाबलं. सूर्यनारायण त्या गिअरला वळसा घालून गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून शाफ्ट पुन्हा निघू लागले. अंबाने मोजले. एक टोक बरोबर, दुसरं जाड. केसाइतकं जाड, पण जाड. ती फोरमनकडे गेली.

"अण्णा, दुसरं टोक जाड येतंय."

"चालेल," सूर्यनारायण म्हणाला.

चाळीस शाफ्ट कंपनीत गेले. चाळीसच्या चाळीस परत आले. सोबत चिठ्ठी: पुढच्या आठवड्यात एकही असा आला तर काम बंद.

मुदलाळींनी सगळ्यांना दोन नंबरच्या लेथपाशी बोलावलं. सूर्यनारायण घाम पुसत होता. गडी वाईट नव्हे. बावीस वर्षांत त्याच्या हातचं असं कधी परत आलं नव्हतं. पण घाबरलेला माणूस आधी आपल्यापेक्षा खाली कोण उभा आहे ते शोधतो.

"पूजेपर्यंत माल बरोबर होता," तो म्हणाला. "पूजेनंतरच बिघडला. यंत्राला काहीतरी लागलंय, मुदलाळी." मग तो अंबाकडे वळला. "पाप्पा, खरं सांग. पूजेच्या दिवशी तू दूर होतीस काय?"

महिन्याचे ते चार दिवस बाजूला बसणाऱ्या बाईला तिथे 'दूर' म्हणतात. सात पुरुषांच्या मधोमध, भर दुपारी, एकोणीस वर्षांच्या पोरीला विचारलं हे.

अंबाचे कान तापले. पण मान खाली गेली नाही.

"असते तरी सांगितलं नसतं, आणि नव्हते तरी सांगणार नाही. ते माझं मी बघेन. शाफ्ट तुमचा आहे, अण्णा. शाफ्टबद्दल बोला."

"बघा, बघा रायरांच्या घरची जीभ!" मराठी घरांना तिथे 'रायर' म्हणतात, कधी मानाने, कधी असं. "यांच्या आज्यापणज्यांनी राज्य केलं म्हणून ही आपल्यावर करणार!"

"जीभ मागाहून मोजा. आधी ही वही बघा." तिने वही लेथवर आपटली. "पूजेआधीचे बारा शाफ्ट, दोन्ही टोकं सारखी. पूजेनंतरचे चाळीस. प्रत्येकात जाड काय ते टेलस्टॉककडचं टोक, आणि जाड किती? आठ शतांश मिलिमीटर. सात नाही, नऊ नाही. शाप असा मोजून लागतो होय? आणि ज्या देवीपुढे तुम्ही चंदन लावलंत, ती बाई नव्हे तर कोण?"

मणी खोकला. खोकला कसला, हसला.

मुदलाळींना हसू आलं नाही. "पुरे. अंबा, तुझा कागद मी आयटीआयला परत पाठवतो. एका उमेदवाराच्या पायी मला कारखान्यात भांडणं नकोत."

कागद परत म्हणजे आठ महिने मातीत. दुसरा कुठला मालक मुलीला घेणार? ब्यांकेची खुर्ची आपोआप जवळ आली असती. अंबाने एकदा भिंतीवरच्या खिळ्यांकडे पाहिलं.

"एक शाफ्ट मला कातू द्या," ती म्हणाली. "याच लेथवर. दोन्ही टोकं सारखी आली नाहीत, तर कागद मीच फाडते आणि फाटकाबाहेर जाते. तुम्हाला टपालाचा त्रास नको."

"माझ्या लेथला हात लावायचा नाही!" सूर्यनारायण आडवा झाला.

मुदलाळींनी त्या चाळीस शाफ्टांच्या ढिगाकडे पाहिलं, मग फोरमनकडे. "सूर्या, बाजूला हो."

चावी? सूर्यनारायणने आपली चावी मुठीत धरली होती. तेव्हा मणीने काय केलं, तर आपल्या खिळ्यावरची काढली आणि अंबापुढे धरली.

तिने लेथ चालू केलाच नाही. आधी ती टेलस्टॉकपाशी, म्हणजे लेथच्या शेपटाकडच्या ठोकळ्यापाशी, गेली. लांब शाफ्टचं मोकळं टोक हलू नये म्हणून तिथे एक टोकदार पोलादी तुकडा असतो, सेंटर म्हणतात त्याला. त्याचा मागचा निमुळता भाग टेलस्टॉकच्या भोकात घट्ट बसतो. अंबाने चाक उलटं फिरवलं, सेंटर सुटून तिच्या हातात आलं. तिने ते उलटं धरलं.

निमुळत्या भागावर एका बाजूला पिवळा, वाळून दगड झालेला ठिपका. वर कुंकू.

पानावरून उचलून सेंटर तसंच्या तसं भोकात ठोकलं होतं. ठिपक्याएवढ्या चंदनाने ते एका अंगाला कललं होतं आणि शाफ्टचं टोक कातणाऱ्या हत्यारापासून मागे सरकत होतं, म्हणून तिथे कमी कातलं जाऊन ते जाड राहत होतं.

अंबाने केरोसीनच्या फडक्याने चंदन काढलं. भोक आतून पुसलं. सेंटर बसवलं, शाफ्ट लावला, चावीने आवळला आणि मग लेथ चालू केला. लोखंडाचा निळसर कीस वळत वळत निघाला.

शाफ्ट निघाला. तिने मायक्रोमीटर मुदलाळींपुढे केला. "मी नाही मोजणार. तुम्ही मोजा."

त्यांनी हे टोक मोजलं. ते टोक मोजलं. पुन्हा हे टोक मोजलं.

"सारखी आहेत," ते म्हणाले.

सूर्यनारायण त्या पिवळ्या फडक्याकडे बघत होता. "बावीस वर्षं लावतोय मी चंदन," तो हळूच म्हणाला. "कधी काही झालं नाही."

"झालंही असेल, अण्णा. मोजलं कुणी?"

मुदलाळी खुशीत आले. "अंबा, तुला तपासणीचं टेबल देतो. वेगळी खोली, खुर्ची, पंखा. कागदावर सही करतो, वर्ष संपलं की नोकरी पक्की."

खुर्ची आणि पंखा! राजमने ऐकलं असतं तर देवापुढे दिवा लावला असता.

"नको," अंबा म्हणाली. "इतरांनी केलेलं मोजून मोजून आठ महिने झाले. आता मी करते, इतरांनी मोजावं. लेथ द्या."

"अगं, पण लेथ सात, माणसं सात."

"चाळीस शाफ्ट पुन्हा कातायचेत, आठवड्यात. दोन पाळ्या लागतील. दुसरी माझी, याच लेथवर."

मुदलाळींनी फोरमनकडे पाहिलं. सूर्यनारायणने नाही म्हटलं नाही. हो म्हणायला त्याला जमलं नाही, ते सोडा. तो गेला, सामानाच्या पेटीतून एक जुनी चावी काढून आणली आणि लेथवर ठेवली. तिच्या हातात दिली नाही.

अंबाने चावी उचलली. मणीची मणीला परत दिली. मग कपाटातून हातोडी आणि एक खिळा घेतला आणि भिंतीपाशी गेली. सात खिळ्यांच्या ओळीत शेवटी जागा होती, पण फार उंच. ती त्या ओळीत गेलीच नाही. आपला हात सहज पोचेल अशा जागी, वीतभर खाली, तिने खिळा टेकवला आणि पहिला ठोका घातला.

"वाकडा जातोय," पाठीमागून सूर्यनारायण म्हणाला.

"मोजून सांगा," अंबा म्हणाली, आणि दुसरा ठोका घातला.