फोटोवाल्या मॅडम आणि बाबांचं वायरिंग

ऐका ना, रेडिओलॉजिस्ट म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रे बघणारे डॉक्टर, एवढंच मलाही माहीत होतं. त्यामुळे सर्जन जेव्हा म्हणाले, "पायाची नस ब्लॉक आहे, अंगठ्यापर्यंत रक्तच पोचत नाहीये, म्हणून जखम भरत नाही. कापायच्या आधी एकदा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टना दाखवा," तेव्हा बाबांनी शहाण्यासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "अंगठा जायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवतायत वाटतं."

जोक मारला खरा, पण टरकले होते. बाबा कसबा पेठेत इलेक्ट्रिशियन आहेत. अंगठा गेला तर शिडीवर तोल कसा सांभाळणार?

तर या फोटोवाल्या मॅडम! माझ्यापेक्षा जेमतेम आठ-दहा वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, "काका, मोठं कापायचं नाही. जांघेत सुईएवढं भोक, त्यातून नसेत बारीक वायर. एक्स-रेवर बघत बघत ती ब्लॉकच्या पलीकडे न्यायची, तिच्यावरून फुगा सरकवायचा आणि तिथे फुगवायचा. नस उघडली की फुगा बाहेर. भूल तेवढ्या जागेपुरती, तुम्ही जागेच."

बाबा एकदम सरसावून बसले. "म्हणजे भिंत न फोडता पाइपातनं वायर घालायची."

"अगदी तसंच."

"पाइप किती एमएमचा?"

"गुडघ्याखाली तीन."

"बारीक आहे," बाबा मला म्हणाले. जणू काम त्यांनीच घेतलंय!

फुगा घालायच्या दिवशी मी खराडीतल्या माझ्या ऑफिसच्या टीमला 'आज ऑफलाइन' असं टाकलं आणि हॉस्पिटलला गेले. मध्येच मॅडमनी ब्लॉक दाखवायला मला आत, काचेअलीकडच्या कॉम्प्युटरपाशी बोलावलं. स्क्रीनवर वायर एका जागी अडून वाकत होती. स्पीकरमधून काचेपलीकडच्या बाबांचा आवाज आला.

"ढकलू नका मॅडम. मागे घ्या, जरा पिळा, मग सोडा."

"काका, मी तेच करतेय."

"कोपरा आहे तिथे."

"दिसतोय मला. तुम्ही हलला नाहीत तर अजून नीट दिसेल."

वायर ढिम्म. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

मग मॅडमनीच विचारलं, "काका, वरून नाहीच गेली तर तुम्ही काय करता?"

"दुसऱ्या टोकाकडनं घालतो," बाबा बारीक आवाजात म्हणाले.

"मीपण."

आणि खरंच, त्यांनी घोट्यापाशी सुई टोचून खालून दुसरी वायर घातली! ती सुळकन ब्लॉकमधून वर गेली. मग फुगा, मग रक्त कुठवर जातंय ते दाखवणारं औषध, आणि स्क्रीनवर काळी रेघ सरसर खाली थेट अंगठ्यापर्यंत! मी एवढ्या जोरात ओरडले की टेक्निशियन म्हणाला, "ताई, माइक चालू आहे."

वॉर्डात बाबा पाय सरळ ठेवून पडले होते. मी हळूच अंगठ्याला हात लावला. इतके दिवस गार पडलेला, आता कोमट! माझे डोळेच भरून आले.

"हात काढ," बाबा खेकसले. "बर्फ आहे नुसता तुझा हात."

मग मी दुसरा हातपण ठेवला.