बाबांच्या पोटातली नस

बाबांना तीन दिवस शौचाला काळं होत होतं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या, त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं एवढं त्यांना ठाऊक होतं. एकदा कारण सापडलं की पुढे डोकं चालवायचं नाही. गाडीच्या बाबतीत मात्र उलट. आर्णीत त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणालं 'प्लग गेला', की हे प्लग सोडून आधी बाकीचं सगळं तपासणार. चौथ्या दिवशी सकाळी दुकानातच त्यांना रक्ताची उलटी झाली. मी शिकवते त्या शाळेतून आले, काका शेतातून आले, आणि आम्ही त्यांना यवतमाळला नेलं.

औषधांनी रक्त थांबलं, दुसऱ्या दिवशी दुर्बीण टाकली. मग डॉक्टरांनी मला आणि काकांना खोलीत बोलावलं आणि कागदावर जठराचं चित्र काढलं. साखरेच्या आजारात लिव्हरवर चरबी साचून ते कडक झालं होतं. त्यातून रक्त नीट पुढे जाईना, म्हणून जठराच्या वरच्या भागातली नस फुगली आणि तीच फुटली. काकांनी डॉक्टरांना दोनदा सांगितलं, "पन दादा तं पेत नाही जी." बाहेर बसलेल्या नातेवाइकांना नेमका दारूचाच संशय होता, आणि मला रोगाचा आला नसेल एवढा त्यांचा राग आला होता.

उपाय होता तो असा: दुर्बिणीतूनच सुई घालून त्या नसेत एक प्रकारचा डिंक सोडायचा. रक्त लागलं की तो घट्ट होतो आणि नस बुजते. धोका असा, की त्यातला थोडा डिंक रक्ताबरोबर वाहत गेला तर फुप्फुसात अडकू शकतो, क्वचित मेंदूतही. ताप येतो, जखम होऊन पुन्हा रक्तही येऊ शकतं.

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"तर ही नस पुन्हा फुटण्याची भीती मोठी आहे. कधी, ते सांगता येत नाही. त्या वेळी आर्णीहून इथं पोहोचायला वेळ मिळेलच असं नाही."

काका खुर्चीतच पुढे सरकले. "डॉक्टरसाहेब, दादाले हे काही सांगू नोका. घाबरून जाईन तो."

डॉक्टर म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, सही त्याचीच लागेल आणि न सांगता मी ती घेणार नाही. "आमी सांगतो ना बरोबर," काका म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्गातल्या पोरांना रोज खरं बोलायला शिकवते. तरी काकांच्या बोलण्यावर मी मान डोलावली.

आमच्याकडे हे असंच चालतं. आजारी माणूस सोडून अख्ख्या गल्लीला त्याचा आजार माहीत असतो.

काका बाबांच्या कॉटवर बसले, हसले आणि म्हणाले, "काही नाही दादा, पोटात एक इंजेक्शन मारतेत. धा मिनिटाचं काम. मंग घरी."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले नाही करा लागत. आताच घरी चाला."

काकांनी समजावलं, विनवलं, शेवटी चिडून चहा प्यायला निघून गेले. डॉक्टर सहीसाठी संध्याकाळी येणार होते.

"बाबा, काहून असं करून राह्यले?" मी म्हटलं.

ते सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाले, "तुह्या मायसंग मी असाच बोललो होतो. ते इचारे, काय निंगालं हो रिपोर्टात? मी म्हनो, काही नाही, गॅस हाय. चार महिने म्हनलं, हसून म्हनलं. आज माह्या भावाच्या तोंडावर तेच हसू पाह्यलं. मी जातोच हाय तं घरी जाऊ द्या."

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. मलाही गॅसच सांगितला होता. राग डोक्यात गेला, आईसाठी आणि माझ्यासाठीसुद्धा. पण तो कोणावर काढणार? सकाळी मान मीच डोलावली होती. मग मी सगळं सांगून टाकलं: नस, डिंक, फुप्फुस, मेंदू, काहीही गाळलं नाही.

"म्हंजे मी मरून नाही राह्यलो?"

"नाही. पण धोका आहे."

"डिंक कोनता हाय?"

"ते मला काय माहीत, बाबा!"

"मंग डॉक्टरले बोलाव."

डॉक्टर आले तसे बाबा उशीला टेकून बसले. आवाज दुकानातला झाला. "किती वेळात धरते?"

"रक्त लागलं की काही सेकंदांत."

"नाही धरलं तं वाहून जाते. आन् लवकर धरलं तं?"

"तर सुईच अडकायची भीती."

बाबा खूश झाले. असल्या डिंकानं त्यांनी उभ्या आयुष्यात कितीदा तरी स्वतःची बोटं चिकटवून घेतली होती. "म्हंजे हे हाताचं काम हाय. तुमच्या हातून कोनाचं बिघडलं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर स्टूल ओढून बसले. "एकाला छातीत त्रास झाला, तो सुधारला. एक आजोबा मात्र गेले. अजून आठवतात."

बाबांनी हात पुढे केला. "द्या तो कागद."

दुसऱ्या दिवशी सकाळी घशात बधिर करायचा फवारा मारून त्यांना आत नेलं. काका माझ्याशी बोलत नव्हते, पण पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात देत होते. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले, नस बुजली म्हणाले. दिवसभर श्वासावर लक्ष ठेवलं, दोन दिवस ताप आला, उतरला, आम्ही घरी आलो.

दीड महिन्यानं पुन्हा दुर्बीण टाकली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पहिली नस ठीक आहे, शेजारी दुसरी भरून आली आहे, पुन्हा तेच करावं लागेल. आणि माझ्याच तोंडून निघालं, "डॉक्टर, त्यांना आज नका ना सांगू."

माझी मलाच लाज वाटली. मीच आत गेले आणि बाबांना सांगितलं.

डिंकाबद्दल त्यांनी या वेळी काही विचारलं नाही. माझा हात धरला. "मले भेव लागून राह्यलं, बाई."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. "मलाही," मी म्हटलं.

"तुह्या मायलेबी लागलं असन," ते म्हणाले. "तिनं कोनाले सांगतलं असन?"

नर्स सहीचा कागद घेऊन आली होती; बाबांचा हात न सोडता मी तिला म्हटलं, पाच मिनिटं थांबा.