अंतिम सामन्याचं सारवण

खेळ बघायला जमणाऱ्या माणसांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. हा तिटकारा मी गोंदियाच्या कॉलेजात असताना तीन दिवसांत कमावला आणि आजवर जपून ठेवला. कुणी सामना बघायला चला म्हटलं की मी पाय दुखतो म्हणून सांगतो. पाय चांगला ठणठणीत आहे.

स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली होती. गावात कॉलेज निघालं होतं, आणि कॉलेजाबरोबर अक्कलही आली असा गावाचा समज झाला होता. भाताच्या गिरण्यांचे मालक, विडी कारखान्यांचे मुनीम, स्टेशनावरचे बाबू, सगळे एकाएकी विद्याप्रेमी झाले होते. त्या हिवाळ्यात कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धा आमच्याकडे भरायच्या ठरल्या. बास्केटबॉल कशाशी खातात हे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. कप मात्र आपलाच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

मी जिमखान्याचा सेक्रेटरी होतो. खेळता येत नसलेल्या पण पुढे पुढे करणाऱ्या पोराला हे पद मिळतं. आमचं घर तिरोड्याकडचं, धानाची शेती, पण होस्टेलात आल्यापासून मी ‘मले-तुले’ टाकून दिलं होतं आणि गावातल्या शेठांच्या मुलांशी हिंदीत बोलत होतो. छातीवर लाल फितीचा बिल्ला आणि गळ्यात शिट्टी असा मी तीन दिवस हिंडलो. शिट्टीची गरज पंचांना होती, मला नव्हती. ती मी आंघोळीच्या वेळेपुरतीच काढत असे.

आमचं मैदान एका म्हाताऱ्याने तयार केलं होतं. तलाव बांधणाऱ्या घराण्यातला माणूस, मातीची जात हातात घेऊन ओळखणारा. त्याने तलावाचा गाळ आणवला, त्यात मुरूम आणि धानाचा कोंडा कालवला, पायांनी तुडवला, धुम्मसाने आठवडेच्या आठवडे चोपला आणि वरून शेणाचा पातळ हात फिरवला. थोडक्यात, त्याने आम्हाला मळणीचं खळं करून दिलं होतं. पण खळं असं की बॉल टाकला तर छातीपर्यंत यावा. नागपूरच्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकांनी खाली बसून त्यावर तळहात फिरवला होता.

म्हातारा रोजंदारीवर होता. स्पर्धा नीट पार पडल्या की कायम करू, असं प्राचार्यांनी त्याला कबूल केलं होतं. कायम झालं की कॉलेजमागची एक खोली मिळणार होती, आणि सात वर्षं गावी एकटी राहिलेल्या बायकोला तो तिथे आणणार होता. आदेश निघायच्या आतच त्याने खोलीला चुना लावून टाकला. मला हौसेने दाखवायला नेलं. भिंतीतल्या खुंट्या फारच खाली ठोकलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाला, “बुढी माही बुटकी आहे जी. तिचा हात पुरला पायजे ना.” एकटे असलो की मी त्याला गावच्या रिवाजाप्रमाणे मामाजी म्हणत असे. चार पोरं आजूबाजूला असली की काहीच म्हणत नसे.

स्पर्धेत एक नवं कॉलेज उतरलं होतं. दक्षिणेकडच्या जंगलपट्टीतून, छोट्या लाईनच्या गाडीने आलेलं. त्यांच्या पाच खेळाडूंपैकी दोघांच्याच पायांत कॅनव्हासचे बूट होते, बाकीचे अनवाणी. त्यांच्याकडे धड मैदानही नव्हतं. नदीच्या वाळूत बांबूला लोखंडी कडी बांधून ते खेळत. वाळूत बॉल उसळत नाही, म्हणून बॉल जमिनीवर न टाकता हातातून हातात द्यायची त्यांना सवय झाली होती. हे मला त्यांनीच जेवताना सांगितलं, आणि मी ते इतरांना सांगून भरपूर हशा पिकवला.

दुसऱ्या दिवशी या पोरांनी उपांत्य सामन्यात नागपूरच्या त्या बड्या कॉलेजला हरवलं. नागपूरकरांनी आपले राखीव खेळाडू उतरवले होते. त्यांचे चांगले खेळाडू बाकावर पाय पसरून शेंगा खात बसले. ते उठेपर्यंत उशीर झाला होता.

मग गावाला जे काही झालं ते मी अजून विसरलो नाही. मोठ्यांची जिरली की आमच्या गावाला पोटभर जेवल्याचं समाधान मिळतं. माणसं दोऱ्या ओलांडून मैदानात घुसली. अनवाणी पोरांना खांद्यावर घेतलं. स्पर्धेचा कप देणारे गिरणीवाले शेठ डोळे पुसत म्हणाले, “गरीब के बच्चे हैं, भगवान इन्हीं के साथ रहता है.” त्यांच्या गिरणीतल्या गरिबांच्या पोरांबरोबर भगवान कधी दिसला नव्हता, पण ते असो. रात्री पोरांना जिलबी गेली. एका वकिलाने एका खेळाडूला स्वतःचे जुने बूट दिले. ते दोन अंगुळं मोठे होते आणि पोराने ते सभ्यपणे काखेत धरले. या सगळ्या मायेमागचा हिशेब सोपा होता: आपलं कॉलेज अंतिम फेरीत पोचलेलंच होतं, नागपूरवाले गेले, आता अंतिम सामन्यात ही कोवळी कोकरं आपल्याला मिळणार. हे उघड बोलण्याइतका प्रामाणिकपणा एकातही नव्हता.

अंतिम सामन्याला मोठे पाहुणे येणार होते. सकाळी प्राचार्यांनी मैदानाकडे बघून नाक मुरडलं. दोन दिवसांच्या पायांनी ते फिकट पडलं होतं, जागोजागी बुटांचे ओरखडे होते. “पाहुण्यांसमोर हे असं?” एवढंच म्हणून ते गेले. त्यांनी काही सांगितलं नाही. ज्याला पुढे पुढे करायचं असतं त्याला सांगावं लागत नाही.

मी म्हाताऱ्याला बोलावलं आणि अख्खं मैदान सारवायला सांगितलं. दाट हात मार, हिरवंगार दिसू दे. पाहुणा येणार म्हणजे अंगण सारवलेलं हवं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मुलींना मधल्या वर्तुळात रांगोळी काढायलाही सांगून ठेवलं.

म्हातारा हलला नाही. म्हणाला, “आज नको बाबू. आभाळ आलं आहे. दोन दिवस वाळू द्या लागते. ओल्यात बॉल उसळन नाही.”

आमचा कॅप्टन शेजारीच उभा होता. गिरणीवाल्या शेठांचा पुतण्या, बॉल जमिनीवर आपटत नागमोडी पळण्यात जिल्ह्यात प्रसिद्ध, आणि गवत-माती या विषयांत पूर्ण कोरा. तो हसला. मी म्हणालो, “हे काय तुझं खळं आहे? इथे बैल फिरवायचे नाहीत, बास्केटबॉल खेळायचाय.”

“मी का नाही म्हणून राहिलो? पण शेण त शेणच राहते जी.”

“सांगितलं तेवढं कर.”

आता हे लिहायलाच हवं की खळं दोन दिवस वाळल्याशिवाय त्यावर पेंढी टाकत नाहीत, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. वडिलांनी ओल्या खळ्यावर पाय ठेवल्याबद्दल मला एकदा बदडलंही होतं. पण शेठाच्या पुतण्यासमोर शेणाबद्दलचं ज्ञान दाखवण्यापेक्षा मी अडाणी दिसणं पत्करलं. त्यालाच मी त्या काळी सुधारणा म्हणत होतो.

चार वाजता सामना सुरू झाला. मैदान सुरेख दिसत होतं. पाहुण्यांनी तसं बोलूनही दाखवलं आणि प्राचार्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. कॅप्टनने बॉल घेतला, ऐटीत जमिनीवर टाकला आणि तो वर यायची वाट बघत हात पुढे केला. बॉल थप्प करून बसला. एका अनवाणी पोराने तो उचलला, दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि बास्केट झालं. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालची माया अजून थोडी शिल्लक होती.

ती दहा मिनिटांत संपली. आमच्या पोरांनी खास या सामन्यासाठी नवे बूट घातले होते आणि ते सारवणावर घसरत होते. अनवाणी पोरं पायाची बोटं रोवून उभी राहत होती. कॅप्टनने पुन्हा पुन्हा बॉल आपटून पाहिला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मध्यंतरापर्यंत रांगोळीचा चिखल झाला होता आणि कॅप्टनच्या पांढऱ्या चड्डीला मागून हिरवा गोल उमटला होता. शेवटी आम्ही आठ गुणांनी हरलो. खरं तर आठांवरच सुटलो.

काल ज्यांनी या पोरांना खांद्यावर घेतलं त्यांनी आज त्यांना पूर्वेच्या डोंगरातल्या दरेकशाचे जंगली म्हटलं. ती पोरं दक्षिणेची, म्हणजे वेगळ्याच दिशेची होती, पण भूगोल हाही विषय कॉलेजाबरोबर गावात यायचा राहून गेला होता. ज्या वकिलाने बूट दिले त्याने ते परत मागितले. होय, मागितले, आणि पोराने काखेतून काढून दिले. गिरणीवाल्या शेठांनी कप देताना तोंड असं केलं की ते कप देतायत की दात काढून घेतायत ते कळेना. भाषणात म्हणाले, “खेल में हार-जीत होती रहती है,” आणि खाली उतरताच विचारलं, “ये गोबर किसने डाला?”

झालं. हरलेल्या गावाला असं काहीतरी हवंच असतं. पाच मिनिटांत बातमी मैदानभर झाली की बुढ्ढ्याने मुद्दाम मैदान ओलं ठेवलं. दहा मिनिटांत तो त्या पोरांच्या गावचा निघाला. अंधार पडेपर्यंत त्याला पोत्याने तांदूळ मिळाल्याचं बघितलेली माणसं तयार झाली होती. एकालाही हा प्रश्न पडला नाही की ज्याचं कायम होणं या स्पर्धांवर टांगलेलं आहे तो त्या कशाला बिघडवेल. डोकं वापरायची वेळ आली की आमची माणसं नेहमी घोळक्यात असतात.

प्राचार्यांनी मला आणि म्हाताऱ्याला ऑफिसात बोलावलं. शेठ खुर्चीत बसले होते, कॅप्टन खिडकीपाशी. कॅप्टनने सकाळचं सगळं ऐकलं होतं. तो बाहेर बघत राहिला.

“मैदान सारवायला कोणी सांगितलं?” प्राचार्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, “सारवणं त्याच्याकडेच असतं, सर.”

हे वाक्य तोंडातून इतकं सफाईने बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सारवणं त्याच्याकडेच असे. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टीच्या दोरीशी चाळा करत होतो. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग तो म्हणाला, “हो जी. मीच सारवलो.”

त्याला दुसऱ्या दिवसापासून यायला नको म्हणून सांगितलं.

तो तिसऱ्या दिवशी आला, धुम्मस आणि पाटी न्यायला. ती त्याच्या घरची होती. ऊन चांगलं पडलं होतं. मैदानावर कुणी नव्हतं. मी जाळ्या सोडवत होतो. माझ्या पायाशी बॉल पडला होता, तो त्याने उचलला आणि सोडला. बॉल त्याच्या छातीपर्यंत आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. मैदान इतकं चांगलं आधी कधीच झालं नव्हतं.

“दोन दिवस म्हणलो होतो ना जी,” तो म्हणाला. सुरात राग नव्हता. मला तो राग हवा होता. तो चिडला असता तर मला त्याचाही तिटकारा करता आला असता आणि हिशेब मिटला असता. आजूबाजूला कुणी नसूनही मला त्याला मामाजी म्हणवेना. त्याने धुम्मस खांद्यावर घेतलं आणि कॉलेजमागच्या त्या खोलीकडे न बघता सडकेला लागला.

गावाबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि ते लिहिताना मला मजा आली. जिलबी देणारे, बूट परत मागणारे, पोत्याने तांदूळ बघणारे, सगळे हलकट होते. पण म्हाताऱ्याची नोकरी त्यांच्यापैकी कुणी घालवली नाही. ती मी घालवली, आणि आरडाओरडा न करता, शुद्ध भाषेत.

ती खोली पुढे प्राचार्यांनी जिमखान्याला दिली. चावी माझ्याकडे आली. कॉलेज सुटेपर्यंतची दोन वर्षं मी तिथे बॉल आणि जाळ्या ठेवल्या. चुना चांगला बसला होता. आणि दाराजवळच्या, माझ्या कमरेइतक्या उंचीवर ठोकलेल्या खुंटीला मी रोज संध्याकाळी वाकून माझी शिट्टी अडकवत असे.