स्मिथ म्हणजे लोहार

आमच्या टीमला नवा मॅनेजर आला, त्याचं आडनाव स्मिथ. अमेरिकेत रेडमंडच्या आमच्या ऑफिसात स्मिथ इतके, की दुसऱ्यांच्या ईमेल याला यायच्या. एकदा लंचला टीममधल्या पुण्याच्या मैत्रिणीने फोनवर ते आडनाव शोधलं आणि नामवंत स्मिथांची यादी वाचायला घेतली. न्यायाधीश, जनरल, नट, अर्थतज्ज्ञ, बेसबॉलवाले. यादी संपेना.

"यातलं तुझं कोण?" तिने त्याला विचारलं.

"कोणीच नाही," तो चिप्स खात म्हणाला. "कधीकाळी कोणीतरी लोखंड ठोकायचा. एवढंच माहीत आहे."

किती सहज म्हणाला. माझे आजोबाही गावात लोखंडच ठोकायचे. आमचं आडनाव लोहार. वडिलांना शाळेत पोरं भट्टीच्या भात्यावरून 'ए भात्या' म्हणायची आणि मास्तरही हसायचे. म्हणून मला शाळेत घालण्याआधी त्यांनी गॅझेटात आडनाव बदलून गावावरून केलं. त्याच आडनावाने मी घरातला पहिला पदवीधर झालो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मराठी माणसांत जुनं आडनाव मी कधी काढलं नव्हतं. स्मिथला सांगणं सोपं होतं. शेजारी ती बसली होती, तेच अवघड. तरी बोललो, "आमचंही तेच. आजोबा लोहार होते. आडनावही तेच होतं."

तिने फोन खाली ठेवला आणि मराठीत म्हणाली, "पण यार, तुझं तर गावावरून आहे ना?"

"वडिलांनी बदललं."

"इतकी वर्षं एका टेबलावर जेवतोय. बोलला नाहीस कधी."

"पहिल्याच दिवशी तू आडनाव विचारलंस. मग गाव. मग 'म्हणजे तुम्ही कोण?' आठवतंय?"

तिने चकलीचा डबा माझ्याकडे सरकवला. "घरी सगळे तसंच विचारतात रे. मीही तेच शिकले."

स्मिथला यातलं काही कळलं नाही. त्याने विचारलं, "आजोबा काय बनवायचे?"

"विळे, कुऱ्हाडी," मी म्हणालो.

संध्याकाळी वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. माझ्यासाठी इतक्या खटपटीने झाकलेलं मी उघडं केलं, त्यांना लागलं असेल, असं वाटलं.

"हसलं का कोणी?" त्यांनी विचारलं.

"नाही. आजोबा काय बनवायचे, ते विचारलं. मी सांगितलं, विळे, कुऱ्हाडी."

"विळे कुणीबी करतं," ते म्हणाले. "बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती लोखंडी धाव बसवायचे, म्हणावं. लालभडक धाव एका दमात बसली पायजे, न्हाईतर लाकूड जळतं. उद्या नीट सांग त्याला."