बरे असलेल्यांनी घरी जावे

युरोपातली लढाई संपत आली होती त्या साली मी नागपुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत उमरेडचा एक मुलगा राहायचा. घर कोष्ट्यांचं. त्याच्या आधी त्या घरात कोणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं. बाप आणि थोरला भाऊ रेशीमकाठी धोतरं विणत, आणि त्यावर ह्याचं शिक्षण चालायचं. अंगानं काटकुळा, कमी बोलणारा, आणि कुणी काही सांगितलं की जसंच्या तसं करणारा. पुस्तक उजेड डावीकडून येईल असं धरावं, असं एका प्रोफेसरांनी सहज म्हटलं होतं. त्यानं त्याच संध्याकाळी आपली खाट फिरवून घेतली.

आश्विनात ताप आला. आधी मुंबईकडच्या बातम्या यायच्या, मग एकदम इतवारीत आणि महालात घरंच्या घरं आडवी पडू लागली. लोक त्याला मानमोडी म्हणत. कॉलेजनं आम्हां सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं. विद्यार्थी, प्रोफेसर, कारकून, शिपाई, भोजनगृहातले स्वयंपाकी, सगळे एका जागी उभे असे मी तेव्हाच पाहिले. प्रिन्सिपॉल साहेबांनी इंग्रजीत सूचना वाचल्या आणि संस्कृतच्या प्रोफेसरांनी त्या मराठीत सांगितल्या. खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवा. खाटा लांब लांब ठेवा. दुसऱ्याच्या तांब्यानं पाणी पिऊ नका. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा. बाजारात, नाटकाला जाऊ नका. अंग तापलं की लपवू नका, कळवा, आणि पडून राहा. एका आजाऱ्याजवळ एकाच माणसानं जावं. शिपायांनी आणि स्वयंपाक्यांनीही ताप असताना कामावर येऊ नये, पगार कापला जाणार नाही, असं साहेबांनी मुद्दाम सांगितलं. माणूस भला होता. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या सूचनांत चुकीचं एक अक्षर नव्हतं.

माझ्या सोबत्यानं आमच्या दोन खाटा खोलीच्या दोन टोकांना नेल्या. सकाळ-संध्याकाळ मला गुळण्या करायला लावायचा. मी कंटाळलो तर तांब्या हातात धरून तसाच उभा राहायचा.

पण ताप वसतिगृहात आलाच. आधी मुख्य स्वयंपाकी पडला, मग वरच्या मजल्यावरचे काही जण. सावनेरचा एक मुलगा आजाऱ्यांच्या खोलीत वारला. चांगला कुस्ती खेळणारा, रुंद छातीचा. दुसऱ्या दिवशी नवी सूचना लागली. कॉलेज बंद. आजारी विद्यार्थी इथंच राहतील, डॉक्टर त्यांना पाहतील. बरे असलेल्यांनी ताबडतोब आपापल्या घरी जावे, आणि इथं शिकलेले नियम घरच्यांना व शेजाऱ्यांना शिकवावेत.

मी बालाघाटकडचा. आई-बाप नव्हते, काकाकडे वाढलो. काकाची तार आली की इकडे सगळे पडले आहेत, येऊ नकोस. आता कुठं जाऊ, असं मी म्हणायच्या आतच सोबत्यानं माझी वळकटी बांधली होती.

"माह्या घरी चाल," तो म्हणाला. "माय हाय, जागा हाय."

इतवारीच्या स्टेशनावरून उमरेडला लहान रुळांची गाडी जायची. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतली माणसं, कोतवालीकडची बाजारकरी मंडळी, सगळे गाव गाठायला निघालेले. कुणी खोकत होतं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलं होतं, की पडलं होतं, काही कळत नव्हतं. सोबत्यानं आपल्या आणि माझ्या तोंडाला रुमाल बांधला. समोरची एक बाई हसली. सबंध वाटेत त्यानं तो रुमाल खाली केला नाही.

त्यांचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि मागे पडवी. खोलीत जमिनीत खड्डे करून दोन माग बसवलेले. एकावर बाप बसायचा, एकावर भाऊ. मागांच्या पलीकडे चूल आणि अलीकडे निजायची जागा. माय बाण्याच्या सुताच्या कांड्या भरायची. भावाची बायको गरोदर होती, दिवस भरत आले होते, तरी तीही चरख्यावर बसलेली. आम्ही दोघं शिरलो तेव्हा सगळी माणसं धडधाकट होती. हे मला पक्कं आठवतं. गावात ताप आमच्या आधी आला होता की आमच्या गाडीनं आला, ते मात्र मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या गल्लीत एक म्हातारा आदल्या दिवशी गेला, असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं, तो दम्यानं गेला.

सोबत्यानं पोचल्या पोचल्या सगळ्यांना बसवून नियम सांगितले. माय मन लावून ऐकत होती. लेक कॉलेजातलं काही घरात पहिल्यांदाच बोलत होता, त्याचंच तिला अप्रूप असावं. गुळण्या तिनं त्याच दिवशी सुरू केल्या. प्रत्येकाचं भांडं वेगळं करायला घरात तेवढी भांडी नव्हती, म्हणून ती शेजारून मडकी घेऊन आली. पण लांब लांब निजा म्हणजे कुठं निजा? दोन माणसांना त्यानं पडवीत पाठवलं. मग खिडकी उघडली. एकच होती, मागाच्या बाजूला. बाहेर कोरडा वारा सुटलेला, त्या साली पाऊस मध्येच गेला होता. थोड्या वेळानं बाप मागावरून उठला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

"वाऱ्यानं सूत वाळून राहिलं गा. तार तुटते," तो म्हणाला.

सोबत्यानं पुन्हा उघडली. बापानं पुन्हा लावली. दोघंही आवाज न चढवता हेच करत राहिले. दिवाळीच्या आत माल द्यायचा होता. जवारी इतकी महागली होती की माग थांबवणं म्हणजे चूल थांबवणं. शेवटी सोबती म्हणाला की निदान जेवताना आणि निजताना उघडी ठेवू, आणि बापानं मान डोलावली. मी त्या घरात पाहिलेला एवढाच एक समेट.

वहिनी पहिली पडली. सकाळी चरख्यावरच तिची मान कलली. सोबत्यानं तिला पडवीत निजवलं, मध्ये जुनं लुगडं बांधून आडोसा केला, आणि सांगितलं की एकच माणूस जवळ जाईल, तो मी. दिरानं भावजयीची सेवा करायची म्हणजे शेजारच्या बायका बोलणारच. त्यांचं त्यानं ऐकलं नाही. मायला मात्र आवरता येईना. सून कण्हली की ती पडद्याआड जायचीच. भाऊ मागावर बसून होता, धोटा चालवत. बायकोचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून तो मागाचा हात्या जोरात मारतो आहे, असं मला वाटायचं.

सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर एकदा येऊन गेला. त्याच्याजवळच्या औषधाच्या पुड्या संपल्या होत्या. अंग पुसा आणि पेज पाजा, एवढं सांगून तो पुढच्या घरी गेला. वहिनीचे ओठ निळे पडत गेले. मूल पोटातच गेलं आणि मागोमाग ती.

ती गेली त्या दिवशी बाप तापला. निज म्हटलं तर निजेना. काठ तेवढा पुरा करतो, म्हणाला. दुपारी त्याला आम्ही तिघांनी मागाच्या खड्ड्यातून ओढून वर काढलं. अंगाचा नुसता विस्तव झाला होता. त्याला निजवल्यावर सोबत्यानं खिडकी उघडली, आणि या वेळी ती लावायला कुणी उठलं नाही. दोन-तीन दिवसांत तोही संपला.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी पडलो. डोकं फुटत होतं, हाडं कुणी पिळतंय असं वाटत होतं. मधेच तोंडाशी वाडगा यायचा, कोमट पेज घशाखाली जायची. आधी तो हात सोबत्याचा होता. नंतर तो बांगड्या नसलेला बाईचा हात झाला. डोळे नीट उघडले तेव्हा माय माझ्याजवळ बसलेली होती. पडद्यापलीकडे कुणीतरी मोठ्यानं श्वास घेत होतं.

"तो कसा आहे?" मी विचारलं.

"तुह्यासारखाच पडला हाय," ती म्हणाली. "तू उठला नं, तोबी उठन."

तो उठला नाही. मला बसता येऊ लागलं तेव्हा मी सरकत त्याच्याजवळ गेलो. त्यानं हातानं मला लांब व्हायला सांगितलं. तोंडावर तोच रुमाल होता, रक्तानं डागलेला. मी मागे सरलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला तो गेला. गावात लाकूड मिळत नव्हतं आणि खांदा द्यायला माणसंही नव्हती. भावानं आणि मी, मधे मधे टेकत, त्याला नदीकडे नेलं आणि पुरलं. खड्डा भावानंच खणला. माझ्या हातात कुदळ उचलायचीही ताकद नव्हती.

मी निघालो त्या सकाळी माय दाराशी बसली होती. मी पाया पडलो. तिनं माझा हात धरून ठेवला.

"तुमच्या कालेजात सांगतलं तसंच केलं नं गा त्यानं सारं?"

मी म्हटलं, हो, सगळं तसंच केलं.

"मंग काहून?"

शेवटी तिनंच हात सोडला आणि गाडी चुकेल म्हणाली.

थंडी पडल्यावर कॉलेज उघडलं. पुन्हा सगळे मोठ्या दालनात जमले. प्रिन्सिपॉल साहेब वाळले होते, त्यांच्याही घरात कुणी आजारी होतं असं ऐकलं. शिस्तीबद्दल त्यांनी आमचे आभार मानले. वसतिगृहात एकच विद्यार्थी दगावला, हे सूचना पाळल्याचं फळ आहे, असं म्हणून त्यांनी सावनेरच्या मुलासाठी आम्हांला स्तब्ध उभं केलं. ते खोटं बोलत नव्हते. जे घरी जाऊन दगावले, त्यांची गणती अजून कुणी केलीच नव्हती. नंतर मी त्यांच्या खोलीत जाऊन सोबत्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याच्या घरच्यांना नियम माहीत होते का? मी होय म्हटलं. त्यांनी मान खाली घातली आणि मला जायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात माय गेल्याचं कुणाकडून तरी कळलं, कशानं ते नाही. मी परीक्षा दिली, पास झालो, नागपुरातच कचेरीत लागलो. एकदा गिरणीच्या फाटकापाशी मला त्याचा भाऊ दिसला. माग मोडून तो शहरात आला होता, सूतखात्यात काम करत होता. केस पांढरे झाले होते. आम्ही जवारीच्या भावाबद्दल बोललो, त्याच्या बिऱ्हाडाबद्दल बोललो. पुन्हा लग्न केलं का, हे मी विचारलं नाही. भोंगा झाला, तसा तो येतो म्हणाला आणि माणसांच्या लोंढ्यात आत गेला.